सायकलच्या तारा आणि विणकामाचा हिशोब

(महिला दिनाच्या निमित्ताने भरलेल्या, विणकाम करणाऱ्या स्त्रियांच्या मेळाव्यात केलेले भाषण. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे.)

इथे टेबलावर काही वस्तू मांडून ठेवल्या आहेत. मागे बसलेल्यांना दिसत नसतील म्हणून नावं सांगते. सायकलच्या चाकाच्या चार तारा, म्हणजे स्पोक. मोडक्या छत्रीच्या दोन काड्या. दोन शिसपेन्सिली. बांबूच्या दोन काड्या, घासून गुळगुळीत केलेल्या. दोऱ्याचं एक लाकडी रीळ, त्याच्या डोक्यावर चार बारीक खिळे ठोकलेले. आणि शेवटी दुकानातून विकत आणलेल्या दहा नंबरच्या सुयांचा एक जोड. हा जोड सोडला तर बाकी सगळ्या वस्तू आमच्या वस्तीतल्या विणकाम वर्गाच्या बायकांनी घरून आणलेल्या आहेत, आणि प्रत्येक वस्तूवर कुणी ना कुणी काहीतरी विणलेलं आहे.

मला आज दोन गोष्टी बोलायच्या आहेत. या वस्तूंवर विणायचं कसं, ही पहिली. त्यांच्यावर विणावं का लागतं आणि त्याची किंमत कोण मोजतं, ही दुसरी.

आधी तारांचं सांगते, कारण सगळ्यात जास्त बायका त्याच वापरतात. साध्या सायकलची तार साधारण बारा इंच लांब असते. तिचं एक टोक वाकवलेलं असतं आणि दुसऱ्या टोकाला आटे असतात. ही दोन्ही टोकं सायकलवाल्याकडून तोडून घ्यायची. मग एक टोक आधी कानशीने आणि नंतर पॉलिश पेपरने घासायचं. कानस नसेल तर दगडी पाट्यावर घासलं तरी चालतं, फक्त वेळ लागतो. टोक अणकुचीदार करायचं नाही, बोथट गोल करायचं. नाहीतर लोकरीचे पदर चिरतात आणि बोटाला भोकं पडतात. झालं की जुन्या ओढणीचं टोक तारेवरून फिरवून बघायचं. जिथे अडकेल तिथे अजून घासायचं. दुसऱ्या टोकाला खोडरबराचा तुकडा खोचला की टाके घसरत नाहीत. पायमोजे गोल विणायचे असतील तर चार तारा लागतात, त्यांची दोन्ही टोकं घासायची. तीन तारांवर टाके राहतात आणि चौथीने विणायचं. गंजलेली तार मात्र घेऊ नका. पांढऱ्या टोपऱ्यावर गंजाचा डाग पडला की तो जात नाही.

छत्रीची काडी सरळ आणि हलकी असते म्हणून मोह होतो. पण ती पन्हळीसारखी पोकळ असते. सॅम्युअल फॉक्स नावाच्या इंग्रज कारखानदाराने १८५२ साली ही पन्हळीची पोलादी काडी काढली. छत्री हलकी झाली आणि ताकद तेवढीच राहिली. छत्रीला ते फार चांगलं, पण विणताना पन्हळीच्या कडेत लोकर अडकते. शिसपेन्सिल साधारण सात मिलिमीटर जाड असते. तिच्यावर दुहेरी लोकर किंवा जुन्या साडीच्या पट्ट्या विणून चांगली पायपुसणी होतात. बांबूची काडी हाताला हलकी, थंडीत गार लागत नाही आणि तिच्यावरून टाके पटकन घसरत नाहीत, म्हणून नवशिक्यांना आणि बोटं दुखणाऱ्या मावशींना तीच बरी. रिळावरच्या चार खिळ्यांभोवती लोकर गुंडाळून टाके उचलले की खालून गोल दोरी बाहेर येते. टोपऱ्याच्या नाड्या त्याच्यावर होतात. लहान मुलंसुद्धा ते तासाभरात शिकतात.

आता नंबरकडे या, कारण खरी मेख तिथे आहे. दुकानातली सुई आपण नंबरवर मागतो. नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. हे उलटं का, असं नव्या मुली नेहमी विचारतात. उत्तर असं की हे मोजमाप मुळात तारेचं आहे. धातूची तार एकाहून एक लहान भोकांतून ओढत बारीक करत नेतात. जितक्या जास्त वेळा ओढली तितकी ती बारीक, आणि तितका तिचा नंबर मोठा. विणकामाच्या सुयांचे आपल्याकडचे जुने इंग्रजी नंबर याच तारेच्या मापावरून आलेले आहेत. म्हणून दोन मिलिमीटरची सुई चौदा नंबरची, आणि सायकलची नेहमीची दोन मिलिमीटरची तारही चौदा नंबरचीच. सायकलवाल्याकडचा चौदा नंबर आणि लोकरीच्या दुकानातला चौदा नंबर हे एकच माप आहे. पण तीच तार चाकात असली की तो यंत्राचा सुटा भाग असतो, आणि बाईच्या हातात आली की ‘बायकांचा टाइमपास’ होतो.

आता हिशोब बघा. बाळाच्या स्वेटरला वापरतात त्या लोकरीवर दहा नंबरच्या सुयांनी विणलं तर एका इंचात साधारण सात टाके बसतात आणि उंचीच्या एका इंचात नऊ ओळी. म्हणजे एका चौरस इंचाला त्रेसष्ट टाके. तीच लोकर चौदा नंबरच्या तारांवर घट्ट विणली की इंचाला नऊ टाके आणि बारा ओळी होतात. म्हणजे एकशेआठ टाके. दहा इंच रुंद आणि दहा इंच उंच असा एक तुकडा विणायला दहा नंबरवर ६,३०० टाके लागतील आणि तारांवर १०,८००. मिनिटाला वीस टाके या गतीने पहिला तुकडा सव्वापाच तासांत होईल आणि दुसरा नऊ तासांत. माप तेच, नमुना तोच, बाई तीच. फरक पावणेचार तासांचा.

हे मी कागदावरचं सांगत नाही. आमच्या वर्गात एक ताई येतात. एका व्यापाऱ्याकडून बाळंतविड्याचे सेट विणायला आणतात. तो लोकर वजन करून देतो, सेट तयार झाला की तोही वजन करून घेतो आणि नगामागे मजुरी देतो. या ताईंना लोकर कायम कमी पडायची. त्या जास्तीची मागायला गेल्या की तो म्हणायचा, ‘लोकर घरी वापरली असेल.’ आणि त्याचे पैसे मजुरीतून कापायचा. ताई अपमान गिळून परत यायच्या. एक दिवस आम्ही वर्गात बसून दोन नमुने विणले, एक त्यांच्या तारांवर आणि एक विकतच्या सुयांवर. दोन्ही चार इंच चौकोनी. वाण्याच्या तराजूवर दोन्ही तोलले. तारांवरचा तुकडा उघड उघड जड भरला. त्याच मापाच्या चौकोनात टाके जास्त, म्हणून लोकरही जास्त. ताईंनी लोकरीचा एक पदरसुद्धा घेतलेला नव्हता. त्यांच्याकडे फक्त व्यापाऱ्याच्या मापाची सुई नव्हती.

मी त्यांना विचारलं, ‘ताई, सुयांचा एक जोड विकत का नाही घेतलात?’ त्या म्हणाल्या, ‘सुया घेते म्हटलं की घरी विचारतात, कशाला, किती रुपयाला. मुलाची जुनी सायकल पडून होती. तिच्या तारा काढल्या तर कुणी काही विचारलं नाही.’

मैत्रिणींनो, या वाक्यावर जरा थांबू या. घरात पडलेली वस्तू घेतली तर विचारावं लागत नाही. विकत घ्यायची तर विचारावं लागतं. तारांच्या सुया करणाऱ्या बाईच्या हुशारीचं आपण कौतुक करतो, आणि ते करायलाच हवं. पण ती हुशारी जन्मते कुठून? स्वतःच्या कमाईतले थोडेसे पैसे स्वतःच्या अवजारावर खर्च करण्याचा अधिकार तिला नाही, तिथून. ‘बाई किती काटकसरी’ म्हणून आपण टाळ्या वाजवतो, तेव्हा हा प्रश्न त्या टाळ्यांत बुडून जातो.

काटकसर ही बाईच्या अंगावर कर्तव्य म्हणून टाकली की सगळ्यांचीच सोय होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांचं रेशनिंग सुरू झालं. विणायची लोकरही कुपनावर गेली. १९४३ साली तिथल्या सरकारच्या व्यापार खात्याने एक पुस्तिका काढली. आहे त्यात भागवा आणि दुरुस्त करून वापरा, असा तिचा मथळाच होता. जुने स्वेटर उसवा, लोकर धुऊन पुन्हा विणा, असं बायकांना सांगण्यात आलं. त्यांनी ते केलंही. देशाची गरज होती, यात शंका नाही. पण त्या उसवण्याच्या आणि विणण्याच्या तासांना मजुरी नव्हती. ते देशप्रेमाच्या खात्यात गेले. आपल्याकडे ते संसाराच्या खात्यात जातात, एवढाच फरक.

हे सगळं नेहमीच असं होतं का? नाही. सोळाव्या शतकात युरोपातल्या शहरांत हाताने विणणाऱ्यांच्या व्यावसायिक संघटना होत्या. त्यांत उस्ताद होते पुरुष. वर्षानुवर्षं उमेदवारी करायची, परीक्षेचा नमुना विणून दाखवायचा, मग उस्ताद म्हणून मान्यता. पुढे १५८९ साली इंग्लंडमध्ये विल्यम ली याने मोजे विणण्याचं यंत्र केलं. हळूहळू यंत्रावर मुख्यतः पुरुष बसले. सूत गुंडाळणं आणि शिवण घालणं ही कामं बायका-मुलांकडे आली. हाताच्या सुयाही बायकांकडे राहिल्या, आणि त्यांची मजुरी घसरत गेली. कसब तेच, पण किंमत उतरली की ते ‘बायकांचं काम’ होतं. आणि ते बाईच्या रक्तातच असतं, असं कुणी म्हणेल तर त्याला पेरू देशातल्या टिटिकाका सरोवरातल्या ताकिले बेटाचं उदाहरण द्या. तिथे टोप्या विणतात ते पुरुष. मुलगे लहानपणीच विणायला शिकतात. त्यांच्या वस्त्रकलेला २००५ साली युनेस्कोने मान्यता दिली. आणि त्यांच्याही हातात सायकलच्या तारांच्या सुया दिसतात.

या विषयातलं मला सगळ्यात जवळचं वाटणारं उदाहरण स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरचं आहे. तिथल्या बोलीत विणकामाच्या सुयांना ‘वायर्स’ म्हणजे ताराच म्हणतात. तिथल्या बायका पाठीवर इंधनाच्या टोपल्या घेऊन मैल मैल चालत, आणि चालता चालता विणत. एक हात मोकळा राहावा म्हणून कमरेच्या पट्ट्यात सुईचं एक टोक खोचून ठेवत. चामड्याचा पट्टा नसेल तर पिसांच्या दांड्यांची जुडी बांधून त्यात सुई खोचत. आपल्या पेन्सिली आणि तारांचीच ती बहीण म्हणायची. अतिशय नाजूक शाली त्या विणत. पण व्यापारी त्यांना रोख पैसे देत नसत. शालीच्या बदल्यात चहा घ्या, कापड घ्या, दुकानातलं काहीतरी घ्या. घरी पीठ नाही आणि हातात चहाची पुडी, अशी गत. मग ती चहाची पुडी शेजारी देऊन पीठ मिळवायचं. १८७२ साली याची सरकारी चौकशी झाली. विणणाऱ्या बायकांनी पुढे येऊन जबान्या दिल्या. काय विणलं, बदल्यात काय मिळालं, पैसे मागितल्यावर काय उत्तर आलं, हे सगळं त्यांनी सांगितलं, आणि म्हणून ते आज छापील अहवालात वाचायला मिळतं. जोवर त्यांनी सांगितलं नव्हतं, तोवर तो बायकांचा फावल्या वेळचा उद्योगच होता.

आता आपल्या देशात या. आंध्र प्रदेशातल्या पश्चिम गोदावरी भागात नरसापूर आहे. तिथल्या बायका क्रोशाच्या सुईवर लेस विणतात आणि ती लेस परदेशात जाते. जर्मन अभ्यासक मारिया मीस यांनी तिथे राहून अभ्यास केला आणि १९८२ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्यात त्यांनी दाखवलं की या बायका घरकाम सांभाळून दिवसाचे सहा-सहा, आठ-आठ तास लेस विणत होत्या. पण त्यांना कामगार कुणीच म्हणत नव्हतं. व्यापारी म्हणत, या घरी बसलेल्या बायका, रिकाम्या वेळात करतात. बायका स्वतःही तसंच समजत. ‘गृहिणी’ या शब्दाच्या आड एक अख्खा निर्यात-उद्योग उभा होता. २०२४ साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगली गोष्ट आहे. वस्तूला नाव मिळालं. विणणारीच्या तासाला काय मिळालं, हे मात्र मानांकनाच्या कागदावर लिहिलेलं नसतं. ते आपल्यालाच विचारावं लागतं.

फावला वेळ म्हणजे कुठला वेळ, हेही एकदा बघू या. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात असं दिसलं की घरात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रीची त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात आणि पुरुषाची ८८. म्हणजे जवळजवळ पाच तास आणि दीड तास. कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत, नळाला पाणी येईपर्यंत, दवाखान्याच्या बाकावर नंबर लागेपर्यंत आपण दोन ओळी विणतो. हा वेळ फावलेला नसतो, ओढून काढलेला असतो.

व्यापारी एक मुद्दा नेहमी मांडतो. तो म्हणतो, ‘बाई, सुया तुमच्या, घर तुमचं, वेळ तुमचा. मी काही तुमचा मालक नाही.’ याचं उत्तर पाठ करून ठेवा. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९९६ साली घरून काम करणाऱ्यांसाठी १७७ क्रमांकाचा करार केला. त्यात घरकामगाराची, म्हणजे घरी बसून दुसऱ्यासाठी उत्पादन करणाऱ्याची व्याख्या अशी आहे की साधनं आणि माल कुणीही पुरवलेला असो, ती कामगारच. भारताने या करारावर अजून शिक्कामोर्तब केलेलं नाही. पण आपल्या २००८ च्या असंघटित कामगार सामाजिक सुरक्षा कायद्यात गृहाधारित कामगाराची व्याख्या याच अर्थाची आली आणि २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती आहे. मालकाने साधनं दिली असोत वा नसोत, मोबदल्यासाठी त्याचं काम घरी करणारी ती कामगार. सायकलची तार तुमच्या मुलाच्या सायकलची आहे म्हणून तुमचं कामगार असणं संपत नाही.

मग करायचं काय? मी चार साध्या गोष्टी सुचवते. त्यांवर गटात बसून चर्चा करा, मतभेद असतील तर मांडा.

पहिली, वही. प्रत्येकीने आपल्या कामाची वही ठेवायची. कोणता नग, लोकर किती वजनाची आली, सुई कितव्या नंबरची, बसलो किती तास, मिळाले किती. लिहिता येत नसेल तर मुलीकडून किंवा मुलाकडून लिहून घ्या, त्यांनाही कळू द्या. समजा मघाच्या त्या दहा इंची तुकड्याला साठ रुपये मिळाले. दहा नंबरच्या सुयांवर तासाला अकरा रुपयांहून थोडे जास्त पडले, आणि तारांवर सात रुपयेही पडले नाहीत. वही नसेल तर हे कधी कळणारच नाही.

दुसरी, नमुना. व्यापाऱ्याकडून काम आणताना सुईचा नंबर विचारायचा आणि चार इंची चौकोन विणून तोलून बघायचा. तुमची सुई बारीक असेल तर लोकर कमी पडणार हे आधीच सांगायचं. एकटीने नाही, चौघी-पाचजणींनी मिळून. आमच्या त्या ताई दोन चौकोन घेऊन गेल्या तेव्हा आम्ही सहाजणी बरोबर होतो. त्याने कापलेले सगळे पैसे परत दिले नाहीत, पण त्यानंतर लोकरीच्या नावाने कापणं बंद केलं. मजुरी वाढवण्याची बोलणी अजून चालू आहेत.

तिसरी, सुयांची पेटी. बचत गटाच्या पैशातून आठ नंबरपासून चौदा नंबरपर्यंतच्या सुयांचे जोड घ्यायचे आणि पुस्तकांसारखे नोंद करून द्यायचे-घ्यायचे. गटाची सुई असली की घरी कुणाला विचारावं लागत नाही. आणि मजुरी ठरवताना सुईची झीज आणि बदली हा खर्च मांडायचा, जसा शिंपी मशीनच्या तेलाचा आणि सुईचा मांडतो. पेटीत तारांचे दोन-तीन जोडही असू द्या. बारीक मोजे आणि बाळाची नाजूक टोपरी यांना त्या उत्तम आहेत. गरज म्हणून नव्हे, निवड म्हणून वापरल्या की त्याच तारा वेगळ्या वाटतात.

चौथी, नाव. असंघटित कामगारांसाठी ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्र सरकारने ई-श्रम नोंदणी सुरू केली. नोंदणीला पैसे लागत नाहीत. नोंदणी करताना व्यवसायाच्या जागी ‘काही नाही’ सांगू नका. विणकाम करते, असं सांगा. जनगणनेसाठी किंवा कसल्याही पाहणीसाठी कुणी दारात आलं आणि घरातल्या पुरुषाने ‘ती घरीच असते’ म्हटलं, तर आतून बाहेर येऊन दुरुस्त करा.

आणि हो, रिळावर चार खिळे ठोकून मुलग्यांच्याही हातात द्या. शिकतात, मी बघितलंय.

आता जेवणाच्या सुट्टीनंतर आपण सगळ्यांनी दहा आणि चौदा नंबरवर एक एक चौकोन विणायचा आहे. तराजू आणलेला आहे. ज्यांना तारा घासायला शिकायचंय त्यांनी डावीकडच्या सतरंजीवर बसा. कानस एकच आहे, पाळीपाळीने घ्या. वह्या दारापाशी ठेवल्या आहेत. जाताना एक एक घेऊन जा, आणि पहिल्या पानावर आजची तारीख घाला.